व्हर्च्युअल मशीनमधलं लिनक्स ‘ग्रब’वरच अडकतं: लक्षणं, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबायचं

लाईट गेली, पाच मिनिटांनी आली, कॉम्प्युटर सुरू झाला, पण व्हर्च्युअलबॉक्समधलं (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) उबंटू लिनक्स काही उठत नाही. काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू>’ आणि शेजारी लुकलुकणारा कर्सर, बस. ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजेच बूटलोडर. मे-जूनमध्ये पाऊस यायच्या आधीची वादळं सुरू झाली की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबारकडच्या लॅबमध्ये हा बिघाड हटकून दिसतो. एरवी तो दिसतो मशीन पेन ड्राइव्हवर घालून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेल्यानंतर. बहुतेक जण लगेच उबंटू नव्याने टाकायला घेतात. तशी वेळ फार क्वचित येते, आणि घाईत तसं केलं की आतलं प्रोजेक्ट कायमचं जातं.

खालचा क्रम फुकट आणि दोन मिनिटांत होणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि अवघड दुरुस्तीपर्यंत जातो. क्रम मोडू नका. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान लिपीत, मधल्या स्पेस आणि चिन्हं जशीच्या तशी ठेवून द्यायच्या.

आधी पडद्यावर नेमकं काय आहे ते वाचा

मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून ठेवा. रीसेट केल्यावर तोच मजकूर पुन्हा येईलच असं नाही.

– ‘फेटल: नो बूटेबल मीडियम फाउंड! सिस्टम हॉल्टेड.’ ग्रबपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. मशीनला डिस्क सापडली नाही, किंवा डिस्क आहे पण तिच्या सुरुवातीला बूट कोड नाही.

– पिवळ्या अक्षरांत ‘शेल>’. मशीन यूईएफआय (थोडक्यात ईएफआय; जुन्या बायोसच्या जागी आलेली सुरू होण्याची नवी पद्धत) पद्धतीने सुरू झालं, पण त्याला बूटची फाइल मिळाली नाही.

– ‘ग्रब रेस्क्यू>’, वर बहुधा ‘नो सच पार्टिशन’, ‘अननोन फाइलसिस्टम’ किंवा ‘नॉर्मल.मॉड नॉट फाउंड’. ग्रबचा पहिला तुकडा चालला, पुढचा सापडला नाही.

– नुसतं ‘ग्रब>’. ग्रब पूर्ण चालू आहे, फक्त मेनूची फाइल मिळालेली नाही. रेस्क्यूपेक्षा हे पुष्कळ बरं.

– ‘सिम्बॉल … नॉट फाउंड’. ग्रबचे दोन तुकडे दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांचे आहेत. याचं कारण खाली सविस्तर दिलं आहे.

– मेनू येतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होतो आणि मग ‘कर्नल पॅनिक… अननोन-ब्लॉक(०,०)’ किंवा ‘इनिटरॅमएफएस’ लिहिलेला प्रॉम्प्ट. इथे बूटलोडरने आपलं काम केलेलं आहे. ग्रब पुन्हा टाकून काहीही होणार नाही.

ही शेवटची ओळ नीट लक्षात घ्या, कारण ‘ग्रब गेलं’ म्हणून आणलेल्या मशीनांपैकी बऱ्याच मशीनांत ग्रब ठणठणीत असतं.

प्रत्येक लक्षण वेगळं का, ते ग्रब कसं चढत जातं यावरून कळतं. बायोस पद्धतीत डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट बूट कोडचे, ६४ पार्टिशन टेबलचे, शेवटचे २ ओळखखुणेचे. ४४६ बाइटांत ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) वाचण्याइतका कोड बसत नाही. म्हणून ग्रब आपला दुसरा तुकडा, म्हणजे कोअर इमेज, पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या पट्टीत ठेवतं. आजकाल ही पट्टी २०४८ सेक्टरची, म्हणजे १ एमबीची असते. डिस्क जीपीटी (नव्या प्रकारचं पार्टिशन टेबल) पद्धतीची असेल तर त्याच कामासाठी १ एमबीचं वेगळं ‘बायोस बूट’ पार्टिशन लागतं. कोअर इमेज /बूट/ग्रब फोल्डरमधून ‘नॉर्मल’ नावाचं मॉड्यूल उचलते, आणि ते मॉड्यूल मेनूची फाइल वाचतं. मॉड्यूल मिळालं नाही तर रेस्क्यू. मॉड्यूल मिळालं पण मेनू मिळाला नाही तर नुसतं ‘ग्रब>’. साखळी कुठे तुटली ते पडदाच सांगतो.

हात लावण्याआधी: प्रत

मशीन पूर्ण बंद करा. ‘सेव्ह’ केलेलं चालणार नाही, पॉवर ऑफ हवं. मग मशीनचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. फक्त व्हीडीआय फाइल, म्हणजे मशीनची आभासी डिस्क, उचलू नका. शेजारची व्हीबॉक्स फाइल (मशीनची सेटिंग्ज), स्नॅपशॉटचं (मशीनच्या जपून ठेवलेल्या अवस्थांचं) फोल्डर आणि असेल तर एनव्हीरॅम फाइल (ईएफआयच्या नोंदी), सगळं घ्या. स्नॅपशॉट असलेल्या मशीनमध्ये नवा डेटा मूळ व्हीडीआयमध्ये नसतोच, तो स्नॅपशॉट फोल्डरमधल्या फाइलींत असतो. मूळ व्हीडीआय एकटी नेली तर महिन्यापूर्वीचं मशीन हाती येतं.

व्हर्च्युअल मशीनचा हा मोठा फायदा आहे: खऱ्या कॉम्प्युटरवर जे करायला धजावणार नाही, ते इथे प्रतीवर बिनधास्त करून बघता येतं. पण प्रत असेल तरच.

प्रतीसाठी पेन ड्राइव्ह वापरत असाल तर तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला हवा. फॅट३२ वर एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे आणि उबंटूची व्हीडीआय सहज १०–१५ जीबी भरते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळवून बघा. शिरपूरच्या होस्टेलवर नीट चालणारं मशीन धुळ्याच्या लॅबमध्ये रेस्क्यूवर पडतं, त्यामागे अर्धवट कॉपी हे अगदी नेहमीचं कारण आहे. खात्री करायची असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये

सर्टयुटिल -हॅशफाइल फाइलचं-नाव एसएचए२५६

ही कमांड दोन्ही कॉम्प्युटरवर चालवा. आकडे अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. चालू असलेल्या मशीनची फाइल कधीच कॉपी करू नका. ती प्रत अर्ध्या वाक्यात फाटलेल्या पानासारखी निघते.

१. दोन मिनिटांच्या तपासण्या

मशीनच्या नावाखाली ‘सेव्ह्ड’ किंवा ‘अबॉर्टेड’ लिहिलं आहे का ते बघा. ‘सेव्ह्ड’ असेल आणि सुरू करताना चूक येत असेल, तर ‘डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट’ करा. यात फक्त त्या क्षणीची मेमरी जाते, डिस्कवरचं काही जात नाही. उघड्या खिडक्यांत जतन न केलेलं काम मात्र जातं.

मग सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. डिस्क कंट्रोलरला जोडलेली आहे का? दुसरी डिस्क नंतर जोडली असेल तर ती पोर्ट ० वर आणि मूळ डिस्क पोर्ट १ वर गेली आहे का? बायोस पद्धतीत पहिल्या पोर्टवरची डिस्क आधी बघितली जाते. ती रिकामी असेल तर ‘नो बूटेबल मीडियम’. पोर्ट अदलाबदल केले की काम झालं.

ऑप्टिकल ड्राइव्हमध्ये इन्स्टॉलेशनची आयएसओ राहिली असेल तर काढा. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ बूट क्रम फ्लॉपी, ऑप्टिकल, हार्ड डिस्क असा असतो, त्यामुळे दर वेळी इन्स्टॉलरच उघडतो आणि वाटतं की उबंटू पुसलं गेलं.

होस्टच्या, म्हणजे विंडोजच्या, ज्या ड्राइव्हवर व्हीडीआय आहे तिथे मोकळी जागा किती उरली? ‘डायनॅमिकली अ‍ॅलोकेटेड’ डिस्क वाढत जाते. आत ५० जीबी दाखवत असली तरी बाहेर ड्राइव्ह भरला की गेस्टचं, म्हणजे आतल्या उबंटूचं, लिहिणं मध्येच अडतं आणि व्हर्च्युअलबॉक्स मशीन थांबवतं. त्या अवस्थेत कोणी बळजबरीने पॉवर ऑफ केलं, तर फाइलसिस्टम फाटते. निदान १० जीबी मोकळे करा, मगच पुढे जा.

मशीनला मेमरी किती दिली आहे? जुन्या ४ जीबीच्या कॉम्प्युटरवर उबंटू डेस्कटॉपला ५१२ एमबी दिलेली दिसते. मेनूनंतर ‘आउट ऑफ मेमरी’ किंवा पॅनिक आलं तर आधी २०४८ एमबी करून बघा.

२. बायोस की ईएफआय: सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक

सेटिंग्ज, सिस्टम, मदरबोर्ड इथे ‘एनेबल ईएफआय’ अशी एक चौकट आहे. उबंटू टाकताना ती जशी होती तशीच ती कायम असायला हवी. बायोस पद्धतीने टाकलेल्या मशीनला ईएफआय चालू केलं तर पिवळं ‘शेल>’ येतं. ईएफआयने टाकलेल्याला ती खूण काढली तर ‘नो बूटेबल मीडियम’. डिस्क दोन्ही वेळा शाबूत असते.

व्हीडीआय एकटी नेऊन दुसरीकडे ‘यूज अ‍ॅन एक्झिस्टिंग डिस्क’ करून नवं मशीन बनवलं की ही चूक घडते, कारण ईएफआयची खूण डिस्कमध्ये नसून व्हीबॉक्स फाइलमध्ये असते. नव्या मशीनला ती कोण सांगणार?

उपाय: मशीन बंद करून चौकटीत खूण असेल तर काढा, नसेल तर लावा, आणि सुरू करून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम, धोका काही नाही. व्हीएमवेअरमध्ये हीच गोष्ट व्हीएमएक्स फाइलमधल्या ‘फर्मवेअर = "ईएफआय"’ या ओळीत असते. हायपर-व्हीमध्ये जनरेशन १ म्हणजे बायोस, जनरेशन २ म्हणजे ईएफआय. आणि जनरेशन २ ला लिनक्ससाठी सिक्युअर बूटचं टेम्प्लेट ‘मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट अथॉरिटी’ निवडावं लागतं, नाहीतर सही जुळत नाही म्हणून बूट नाकारलं जातं. व्हर्च्युअलबॉक्सलाही ७.० पासून सिक्युअर बूट आहे. ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ दिसलं तर तात्पुरतं बंद करून बघा.

डिस्क ईएफआयचीच आहे, चौकटही चालू आहे, तरी ‘शेल>’ येतंय? मग बूटची नोंद हरवली आहे. ‘उबंटू कुठून सुरू करायचं’ ही नोंद ईएफआय आपल्या एनव्हीरॅममध्ये ठेवतं, आणि ती फाइल मशीनसोबत आली नसेल तर नोंदही येत नाही. नोंद नसताना ईएफआय फक्त एक ठरलेली जागा बघतं: ईएफआय पार्टिशनवर ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४.ईएफआय. तिथे फाइल नसेल तर हात वर. शेलमध्ये हे द्या:

एफएस०:
\ईएफआय\उबंटू\शिमएक्स६४.ईएफआय

पहिल्या ओळीनंतर एंटर, दुसरीनंतर एंटर. उबंटू सुरू झालं तर आत जाऊन टर्मिनलमध्ये ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ चालवा म्हणजे नोंद परत लिहिली जाईल. मशीन सतत इकडून तिकडे न्यायचं असेल तर ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल --रिमूव्हेबल’ हेही करा. त्याने फाइल त्या ठरलेल्या जागी पोचते आणि एनव्हीरॅम हरवली तरी अडत नाही. लॅबमध्ये वाटायच्या मशीनवर हे आधीच करून ठेवावं.

३. मेनू येत असेल तर जुना कर्नल

मेनू लपलेला असेल तर बायोसमध्ये डावी शिफ्ट दाबून धरा, ईएफआयमध्ये एस्केप एकदाच दाबा. एकदाच. एस्केप दोन-तीनदा दाबलं की मेनू ओलांडून ‘ग्रब>’ येतं आणि माणूस घाबरतो. तो बिघाड नाही, रीसेट करा. आधी मशीनच्या खिडकीत क्लिक करायला विसरू नका, नाहीतर की विंडोजला लागते.

‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल निवडा. तो सुरू झाला तर नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (कर्नलला सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली) अर्धवट आहे. अपडेट चालू असताना लाईट गेली किंवा /बूट भरलं की असं होतं. आत गेल्यावर:

डीएफ -एच /बूट
सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल
सुडो अपडेट-ग्रब

पहिली ओळ जागा दाखवते. ती १०० टक्के भरली असेल तर दुसरीने जुने कर्नल काढून जागा करा. जागा न करता तिसरी चालवली तर पुन्हा अर्धवट फाइल तयार होईल. /बूट वेगळं पार्टिशन नसेल तर पहिली ओळ मूळ पार्टिशनचीच जागा दाखवेल, तेही बघायला हवंच.

दुसरी एक गोष्ट: धाडकन बंद पडल्यानंतर उबंटू मुद्दाम ३० सेकंद मेनू दाखवतं. तोही बिघाड नव्हे, वाट पाहा.

४. ‘ग्रब>’ आणि ‘ग्रब रेस्क्यू>’ वरून हाताने

दोन्हीकडे पहिली कमांड ‘एलएस’. समोर (एचडी०), (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी२) असं काहीतरी येईल. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर जीपीटीऐवजी एमएसडॉस. डिस्क ० पासून मोजतात, पार्टिशन १ पासून. इथे हमखास गल्लत होते.

एकेक पार्टिशन उघडून बघा:

एलएस (एचडी०,जीपीटी२)/

शेवटचा तिरका दांडा महत्त्वाचा. बूट, ईटीसी, होम ही फोल्डरं दिसली की पार्टिशन सापडलं. सगळ्याच पार्टिशनवर ‘अननोन फाइलसिस्टम’ येत असेल तर हाताने बूट करायच्या नादी लागू नका, थेट पायरी ५ वर जा. ‘एलएस’ला फक्त (एचडी०) दिसलं आणि एकही पार्टिशन दिसलं नाही, तर पार्टिशन टेबल गेलेलं असू शकतं, तेव्हा डिस्कवर काहीही लिहू नका.

रेस्क्यूमध्ये चारच गोष्टी करायच्या:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. /बूट स्वतंत्र पार्टिशनवर असेल तर त्या पार्टिशनच्या दृष्टीने वाट /ग्रब एवढीच असते, /बूट/ग्रब नाही. उबंटू सर्व्हरच्या इन्स्टॉलरने एलव्हीएम (डिस्कची लवचीक विभागणी) घेतलेलं असेल तर असंच सापडेल. फेडोरा आणि रॉकी या दुसऱ्या लिनक्समध्ये फोल्डरचं नाव ग्रब२.

नुसतं ‘ग्रब>’ असेल तर मेनूची फाइल दाखवून द्या:

कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

मेनू उघडला तर छान. फाइलच नसेल तर कर्नल हाताने द्यावा लागतो:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
लिनक्स /बूट/व्हीएमलिनझ… रूट=/डेव्ह/एसडीए२ आरओ
इनिटआरडी /बूट/इनिटआरडी.आयएमजी…
बूट

टिंबं आहेत तिथे टॅब दाबा. ग्रब उरलेलं नाव स्वतः भरतं किंवा पर्याय दाखवतं. कर्नल आणि इनिटआरडी (म्हणजे तीच इनिटरॅमएफएस फाइल) एकाच आवृत्तीचे हवेत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीचा खास कंट्रोलर) वर असली तरी नाव एसडीएच राहतं; केव्हीएमसारख्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्क असेल तर एसडीएच्या जागी व्हीडीए.

इथवर येऊन उबंटू सुरू झालं म्हणजे काम संपलं नाही. हे सगळं त्या एका बूटपुरतंच होतं. आत गेल्या गेल्या बायोस मशीनवर ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ‘एसडीए’ लिहायचं, ‘एसडीए२’ नाही: ग्रब डिस्कच्या सुरुवातीला बसतं, पार्टिशनमध्ये नव्हे. ‘ब्लॉकलिस्ट्स’बद्दलचा इशारा दिसला तर बहुधा हीच चूक झाली आहे.

५. लाइव्ह आयएसओ: आधी फाइलसिस्टम, मग ग्रब

उबंटूची आयएसओ ऑप्टिकल ड्राइव्हला लावा आणि ‘ट्राय उबंटू’ निवडा. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका. मशीन मूळ ज्या पद्धतीचं आहे, बायोस वा ईएफआय, त्याच पद्धतीने लाइव्ह सुरू झालेलं हवं. ‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड’ असं नंतर दिसलं तर तुम्ही बायोस पद्धतीने आत आला आहात.

‘एलएसबीएलके -एफ’ ने पार्टिशन ओळखा. एखादं व्हीफॅट पार्टिशन दिसलं म्हणजे मशीन ईएफआयचंच, असं समजू नका; उबंटू डेस्कटॉपचा इन्स्टॉलर काही आवृत्त्यांत बायोस पद्धतीतही ते बनवून ठेवतो. त्याच्या आत ईएफआय/उबंटू फोल्डर आणि शिमची फाइल असेल तरच खात्री.

लाईट जाऊन बिघडलेल्या मशीनवर पहिलं काम फाइलसिस्टम तपासण्याचं, ग्रबचं नंतर. फाटलेल्या फाइलसिस्टमवर ग्रब टाकलं की तेही फाटक्या जागी लिहिलं जातं. आधी नुसतं बघा:

सुडो ई२एफएससीके -एन /डेव्ह/एसडीए२

‘-एन’ मुळे काहीही बदललं जात नाही. चार-दहा चुका असतील तर ‘-एन’च्या जागी ‘-एफ’ देऊन दुरुस्त करू द्या. हजारो ओळी धो-धो वाहायला लागल्या तर कंट्रोल-सी दाबा आणि ‘कुठे थांबायचं’ हा भाग वाचा. पार्टिशन माउंट (म्हणजे जोडून वापरात) असताना ही कमांड कधीही चालवू नका. रॉकी लिनक्सवर फाइलसिस्टम एक्सएफएस असते. तिथे कमांड एक्सएफएस_रिपेअर.

एलव्हीएम असेल तर आधी ‘सुडो व्हीजीचेंज -एवाय’. मग:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
सुडो माउंट --आरबाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
सुडो माउंट --आरबाइंड /एसवायएस /एमएनटी/एसवायएस
सुडो सीएचरूट /एमएनटी
ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
अपडेट-ग्रब

दुसरी ओळ फक्त ईएफआय मशीनसाठी. /बूट वेगळं असेल तर तेही तिच्या आधी माउंट करायचं. ते विसरलं तर ग्रब रिकाम्या /बूट फोल्डरमध्ये फाइली लिहितं, कमांड ‘नो एरर रिपोर्टेड’ म्हणते आणि मशीन पुन्हा तिथेच अडकतं. फेडोरा-रॉकीच्या ईएफआय मशीनवर ग्रब२-इन्स्टॉल चालवायचं नसतं. तिथे ग्रब२-ईएफआय-एक्स६४ आणि शिम-एक्स६४ ही पॅकेजं ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ करायची.

६. क्लोन केलेलं मशीन अपडेटनंतर पडतं

लॅबमध्ये एक मशीन तयार करून त्याचे वीस-पंचवीस क्लोन काढतात. महिनाभर सगळे चालतात. मग एके दिवशी अपडेट होतं आणि ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ म्हणत मशीन एकामागून एक पडतात. वीज नाही, व्हायरस नाही, कोणी काही केलेलं नाही.

कारण असं. बायोस पद्धतीच्या डेबियन-उबंटूमध्ये ग्रब कुठल्या डिस्कवर टाकायचं हे लिहून ठेवलेलं असतं, आणि ते एसडीए असं न लिहिता डिस्कच्या अनुक्रमांकाने लिहिलेलं असतं. व्हर्च्युअलबॉक्स हा अनुक्रमांक डिस्कच्या यूयूआयडीवरून (प्रत्येक डिस्कचा वेगळा ओळख-क्रमांक) बनवतं. क्लोन काढला किंवा ओव्हीए (अख्खं मशीन बांधलेली एक फाइल) इम्पोर्ट केली की डिस्कला नवा यूयूआयडी, म्हणजे नवा अनुक्रमांक. लिहून ठेवलेल्या नावाची डिस्क आता अस्तित्वातच नाही. ग्रबचं पॅकेज अपडेट झाल्यावर /बूट/ग्रबमधली मॉड्यूल नवी येतात, पण डिस्कच्या सुरुवातीची कोअर इमेज जुनीच राहते. जुनी कोअर आणि नवी मॉड्यूल एकमेकांना ओळखत नाहीत. जुलै २०२० मध्ये ग्रबमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या दुरुस्त्या आल्या तेव्हा ‘ग्रब_सीअ‍ॅलॉक’ नावाने हीच चूक जगभर दिसली होती.

पडलेलं मशीन पायरी ५ ने उभं करा, पण तेवढ्याने पुढच्या अपडेटला ते पुन्हा पडेल. मुळावर घाव असा:

सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी

दोन प्रश्न एंटरने ओलांडा. डिस्कची यादी आल्यावर स्पेसने पूर्ण डिस्क निवडा, पार्टिशन नाही. मग टॅब आणि ओके. प्रत्येक क्लोनवर हे एकदा करावं लागतं, आणि ते क्लोन काढल्याच्या दिवशीच उरकलेलं चांगलं. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी पंचवीस मशीन उभी करणं फार जिवावर येतं.

७. कंट्रोलर बदलल्यावर

आयडीईचं साटा केलं किंवा साटाचं व्हर्टआयओ, आणि कर्नलनंतर ‘यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट’ आलं, तर आधी कंट्रोलर पूर्वीसारखा करा. उबंटू-डेबियनच्या इनिटरॅमएफएसमध्ये बहुतेक ड्रायव्हर असतात; फेडोरा-रॉकीमध्ये त्या मशीनला लागणारेच घेतलेले असतात, त्यामुळे तिथे हे जास्त होतं. मेनूमधली ‘रेस्क्यू’ नावाची नोंद सगळे ड्रायव्हर घेऊन येते. तिने आत जाऊन ‘ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल --नो-होस्टओन्ली’ चालवा.

विजेचं काय करायचं

हे सगळं पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून एक सेटिंग माहीत असायला हवं. गेस्ट जेव्हा ‘हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही’ म्हणतो, तेव्हा वेग वाढावा म्हणून व्हर्च्युअलबॉक्स ती विनंती सहसा मनावर घेत नाही. लिनक्सला वाटतं लिहून झालं. प्रत्यक्षात ते विंडोजच्या मेमरीत पडून असतं. त्या क्षणी लाईट गेली की जर्नल (बदलांची आधी ठेवलेली नोंद) असलेली फाइलसिस्टमही फाटते, कारण जर्नलच खोटं ठरतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये ‘इग्नोरफ्लश’ नावाचा पर्याय दिला आहे. त्याची किंमत ० केली की विनंत्या पाळल्या जातात. साटा आणि आयडीईसाठी ओळ वेगळी आहे, म्हणून ती मॅन्युअलमधूनच उचला. सोबत कंट्रोलरची ‘यूज होस्ट आय/ओ कॅश’ ही खूण काढलेली ठेवा. मशीन थोडं मंद होईल. आपल्याकडे ती किंमत मोजण्यासारखी आहे.

यूपीएस असूनही कॉम्प्युटर लगेच बंद पडत असेल तर बॅटरी गेलेली असते. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते. अशा बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं आणि दर १० अंश वाढीला ते जवळपास निम्मं होतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या लॅबमध्ये ती बॅटरी पाकिटावरच्या वर्षांइतकी टिकेल ही अपेक्षाच चुकीची. एप्रिल लागायच्या आधी मेन स्विच बंद करून प्रत्येक यूपीएस किती मिनिटं तग धरतो ते घड्याळ लावून बघा. त्या वेळी मशीन मात्र बंद असू द्या.

कुठे थांबायचं

– प्रत नाही आणि आतलं काम दुसरीकडे कुठेच नाही. दुरुस्तीची एकही कमांड देऊ नका. मशीन बंद ठेवून फोल्डर जसंच्या तसं जपा.

– होस्टची हार्ड डिस्क टकटक करतेय, किंवा व्हीडीआय कॉपी होताना ठरावीक जागी अडकते. हा ग्रबचा प्रश्नच नाही. कॉम्प्युटर बंद करा. डिस्क उघडून बघू म्हणणाऱ्या दुकानात ती देऊ नका. उघड्या हवेत उघडलेली डिस्क धुळीने खराब होते. डेटा महत्त्वाचा असेल तर धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी सेवेकडेच पाठवा.

– ई२एफएससीके हजारो चुका दाखवतंय, किंवा पार्टिशन टेबलच दिसत नाही.

– डिस्क कूटबद्ध आहे आणि बरोबर पासवर्ड देऊनही उघडत नाही. एलयूकेएसचा (लिनक्सची डिस्क कूटबद्ध करण्याची पद्धत) सुरुवातीचा भाग खराब झाला असेल आणि त्याची वेगळी प्रत नसेल, तर डेटा कोणालाच काढता येत नाही. पैसे भरण्याआधी हे समोरच्याला स्पष्ट विचारा.

– मशीन लॅबचं नसून संस्थेचं, पतपेढीचं किंवा दवाखान्याचं चालू सर्व्हर आहे. तिथे पायरी १ नंतर थांबा आणि त्याची जबाबदारी असलेल्या सिस्टम अ‍ॅडमिनला बोलवा. फुकटची घाई तिथे महाग पडते.

तज्ज्ञाकडे जाताना सोबत एवढं न्या: पडद्याचे फोटो, होस्टवरच्या व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती, गेस्टचं नाव आणि आवृत्ती, ईएफआयची खूण होती की नाही, बिघाडाच्या आधी नेमकं काय झालं, म्हणजे लाईट, अपडेट, क्लोन की कॉपी, आणि तुम्ही दिलेल्या सगळ्या कमांड ओळीने. मशीनच्या फोल्डरमधल्या ‘लॉग्ज’ फोल्डरची प्रतही द्या. व्हर्च्युअलबॉक्स शेवटचे मोजकेच लॉग ठेवतं आणि दर वेळी सुरू केलं की सर्वांत जुना पुसतं, म्हणून ती प्रत पहिल्या दिवशीच काढून ठेवा.